वाचणारा हजर असतो!

फोनच्या हिशेबात हजर माणूस म्हणजे बोट लावणारा माणूस. तीस सेकंद पडद्याला बोट लागलं नाही, की फोन ठरवतो इथे कोणी नाही, आणि दिवा मालवून मोकळा होतो. आम्हा सरकारी कारकुनांना हा न्याय ओळखीचा आहे. फाईल उघडून विचार करणारा माणूस लोकांना रिकामा बसलेलाच दिसतो!

पण वाचन म्हणजे तरी दुसरं काय असतं? जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि तिथेच राहून मराठी कथा लिहीत. ‘काजळमाया’ला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला (तो त्यांनी परत केला, ती गोष्ट वेगळी). त्यांच्या वाक्याशी आपण थांबतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. असा मजकूर फोनवर वाचायला घ्या, प्रतिमा उलगडते न उलगडते तोच अंधार! मग बटण दाबा, आकडे टाका, ओळ शोधा. तोवर कथेतला माणूस कुठल्या कुठे गेलेला.

त्याच धारवाडात माझी मावशी राहते. वय ७८. घराबाहेरचा सगळा व्यवहार कन्नडमधून, त्याबद्दल तिची तक्रार नाही. पण तिचं मराठी पुस्तकांचं कपाट आता फोनच आहे. दर दोन ओळींनी ती पडद्यावर बोट फिरवते, जणू तव्यावरची भाकरी करपेल! ह्याला काय वाचन म्हणायचं?

आता गंमत बघा. त्याच फोनवर तीन तासांचा सिनेमा लावा, बोट न लावता दिवा जळत राहतो. कारण व्हिडिओवाले फोनला सांगून ठेवतात, झोपू नकोस. म्हणजे फोनला जमत नाही असं नाही. वाचणाऱ्याची कड घेऊन कोणी सांगत नाही, एवढंच. अँड्रॉइडच्या अ‍ॅपमध्ये हे एखाद्या ओळीचं काम आहे. वेबपानांसाठी ‘वेक लॉक’ ही सोय क्रोममध्ये २०२० पासून, सफारीत २०२३ पासून आणि फायरफॉक्समध्ये २०२४ पासून आहे. मुखपृष्ठावर माय मराठीचे गोडवे गाणाऱ्या ज्या संपादक-प्रकाशकांनी अजून ही सोय केली नाही, त्यांचं वाचकप्रेम नेमकं कुठे अडलंय?

बॅटरी संपते, म्हणतील. संपते, खरं आहे. मग सिनेमाला नाही संपत? शिवाय दिवा रात्रभर जळत ठेवा असं कोण म्हणतंय? दहा मिनिटं पान हललं नाही तर खुशाल विझवा. दहा मिनिटं, तीस सेकंद नव्हे.

तोवर आपला इलाज आपणच करायचा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्ले’मध्ये ‘स्क्रीन टाइमआउट’ असतो. बहुतेक फोनांत तो १० किंवा ३० मिनिटांपर्यंत वाढतो. आयफोनवर ‘डिस्प्ले अँड ब्राइटनेस’मध्ये ‘ऑटो-लॉक’ आहे. मात्र ‘लो पॉवर मोड’ चालू असला तर तो ३० सेकंदांवरच अडकतो, तेव्हा आधी तो बंद करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे स्वतः करून द्या, नुसतं सांगू नका.

वाचक कमी झाले म्हणून परिसंवाद भरवणाऱ्यांनीही आधी एवढं करावं. जो वाचतोय, त्याच्या डोळ्यांसमोरचा दिवा विझवू नये.