मांडीवरचे मूल आणि कागदावरचे कलम

सकाळी सातच्या सुमारास बालीगंज फाडीच्या चौकात उभे राहावे. शाळेकडे निघालेल्या मोटारींत चालकाशेजारी आई, तिच्या मांडीवर धाकटे मूल आणि दोन आसनांच्या मधल्या फटीत उभे असलेले थोरले, हे दृश्य ठरलेले. मी हे दुरून पाहणारा शहाणा नव्हे. माझी नात प्रसूतिगृहातून घरी आली ती आजीच्या मांडीवरूनच. सारी हयात कायद्यांचा अंमल पाहण्यात घालवलेल्या मला त्यात काही वावगे वाटले नाही.

मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, ही आपली श्रद्धा. गणित मात्र निराळे सांगते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोंच्या बाळाला आवरण्यासाठी सरासरी १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. ते कोणत्याही मातेच्या हातांत नसते. उलट, पट्टा न लावलेल्या मोठ्या माणसाचा भार त्याच बाळावर येतो.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-बी आले. चौदा वर्षांखालील मूल सुरक्षापट्ट्याने किंवा बाल-आसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर चालकास एक हजार रुपये दंड. त्या वेळी दंड जाचक असल्याचे सांगून पश्चिम बंगालने अंमल नाकारला. महाराष्ट्रानेही तो लांबणीवर टाकला. पुढे दंड लागू झाले, पण या पोटकलमाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. त्याच्या शब्दरचनेतही उणीव आहे. तान्हे मूल आणि तेरा वर्षांचा मुलगा यांना ते एकाच मापाने मोजते. मोठ्यांसाठी बेतलेला पट्टा लहान मुलाच्या मानेवर आणि पोटावर येतो, हे त्यात कुठेच उमटत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला अमेरिकेतील टेनेसी राज्याचे उदाहरण आठवते. बाल-आसन सक्तीचे करणारा तिथला पहिला कायदा १९७७ मध्ये संमत होऊन १९७८ च्या आरंभी अमलात आला. मात्र बाळाला कुशीत धरून बसण्याची मुभा त्यात आमदारांनी घुसडली होती. ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ अशी तिची कुप्रसिद्धी झाली आणि १९८१ मध्ये ती रद्द करावी लागली. १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत असे कायदे झाले. म्हणजे मांडीचा मोह केवळ आपलाच नाही. तो कायद्याने आणि प्रबोधनाने सोडवावा लागतो.

आपल्याकडे हा धडा फार महाग पडतो आहे. २०२४ च्या डिसेंबरात वाशी येथे मोटारीच्या पुढच्या आसनावरील सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यानंतर दगावला. त्याआधी केरळात मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवरील दोन वर्षांच्या मुलीचा असाच अंत झाला. त्यानंतर तिथल्या परिवहन आयुक्तांनी बाल-आसनाची सक्ती जाहीर केली आणि मंत्र्यांनी काही दिवसांतच दंडाचा विचार बाजूला सारला. मोठ्या माणसाला वाचवणारी एअरबॅग लहान मुलाला मारू शकते, एवढी साधी गोष्टही आपण गाडी विकताना सांगत नाही.

आसन विकत घेतले म्हणजे काम झाले, असेही नाही. तान्ह्याचे आसन मागील बाजूस, बाळाचे तोंड गाडीच्या पाठीकडे करून बसवायचे. चालू एअरबॅगसमोर ते कधीही ठेवायचे नाही. पट्टे इतके घट्ट हवेत की खांद्यावर त्यांची चिमटीत घडी पकडता येऊ नये. थंडीत जाड कोट काढून, पट्टे लावल्यावर वरून शाल पांघरावी. पुढे उंच बैठक वापरावी. पट्टा खांद्याच्या मध्यावरून आणि मांड्यांच्या वरच्या भागावरून जाईल इतकी उंची येईपर्यंत ती सोडू नये. बाल-आसनांमुळे मुलांचे अपघाती मृत्यू ६० टक्क्यांपर्यंत घटू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्थात ती योग्य रीतीने वापरली तरच.

तरीही केवळ दंडाचा मार्ग मला पटत नाही. हे आसन अनेक कुटुंबांना परवडत नाही आणि मूल वाढले की ते अडगळीत जाते. म्हणून प्रसूतिगृहांतून ते अनामत घेऊन वापरायला द्यावे. लसीकरणाच्या वेळी परिचारिकेने ते बसवून दाखवावे. कायद्यात उंचीनुसार टप्पे घालावेत. शाळेच्या वाहनांत आसनांपेक्षा जास्त मुले कोंबणाऱ्यांवर मात्र पहिल्या दिवसापासून कारवाई हवी. तिथे पालकांचे अज्ञान नव्हे, चालवणाऱ्याचा नफा आड येतो.

माझी नात आता तिच्या आसनात बसते, कुरकुरते आणि मग झोपी जाते. आजी शेजारी बसून तिचा हात धरते. माया तिथूनही पोहोचते.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून कोलकात्यातील बालीगंज येथे राहतात.)