उंचावरची हवा आणि रक्ताचा दाब

गेल्या ज्येष्ठांत आमचा लेहला जाण्याचा योग आला. आमचा भाचा तेथें नोकरीस आहे. त्यानें फार आग्रह केला. निघतेवेळीं सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, दाबाच्या गोळ्या पिशवींत घातल्यात ना?" आम्हीं उत्तर केलें, "तेथें हवेचाच दाब कमी, मग रक्ताचा कशानें वाढणार? आठ दिवस गोळ्यांनाही सुटी!" हें उत्तर देतांना आम्हांस मोठें समाधान वाटलें. टॉरिसेलीची नळी आम्हीं कोडोलीच्या मुलांस तीस वर्षें शिकविली. उंचावर पारा खालीं उतरतो हें आम्हांस नाहीं तर कोणास ठाऊक?

लेह सुमारें ११,५०० फूट उंचीवर वसलेलें आहे. दिल्लीहून विमानानें मनुष्य सव्वा तासाच्या आंतबाहेर तेथें जाऊन उतरतो. दुसऱ्या रात्रीं आमचें डोकें ठणकूं लागलें, झोंप येईना, छाती धडधडूं लागली. भाच्यानें डॉक्टरांकडे नेलें. घरीं १३०/८० असणारा दाब तेथें १८०/१०६ भरला. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न केला तो सौभाग्यवतींचाच, आणि आम्हांस मान खालीं घालावी लागली.

न्यायशास्त्रांत 'वाक्छल' म्हणून एक दोष सांगितला आहे. 'नव' या शब्दाचे नवा आणि नऊ असे दोन्ही अर्थ होतात. कोणी नवें कांबळें पांघरून आला असतां त्यास 'तुझीं नऊ कांबळीं कोठें आहेत?' असें विचारणें, हा त्याचा जुना दाखला. आम्हीं 'दाब' या शब्दावर तोच छल केला, आणि तोही स्वतःशींच! हवेचा दाब निराळा, रक्ताचा निराळा. एक उतरला म्हणून दुसरा उतरत नाहीं. किंबहुना एक उतरल्यामुळेंच दुसरा चढतो.

त्याची उपपत्ति अशी. हवेंत प्राणवायूचें प्रमाण वरखालीं सर्वत्र शेंकडा २१ च्या सुमारासच असतें. परंतु समुद्रकांठीं जी हवा ७६० मिलिमीटर पारा तोलून धरते, ती लेह येथें पांचशेंच्या आसपासच तोलते. त्यामुळें प्रत्येक श्वासांत प्राणवायु सुमारें एक-तृतीयांशानें कमी मिळतो. ही तूट शरीरास कळतांच मज्जातंतूंकडून हृदयास घाईचा हुकूम सुटतो, रक्तवाहिन्या आकुंचित होतात, थंडीची त्यांत भर पडते, आणि दाब चढतो. रात्रीं तो स्वभावतः उतरावयाचा, तोही पुरता उतरत नाहीं. एव्हरेस्टच्या तळछावणींत, ५,४०० मीटर उंचीवर, सपाटीवरील निरोगी माणसांचा दाब इटालियन संशोधकांनीं अहोरात्र मोजला, तेव्हां वरचा आंकडा सरासरीनें सुमारें १४ मिलिमीटर वाढलेला आढळला. निरोग्याची ही कथा, मग गोळ्या घरीं ठेवून गेलेल्या रोग्याची काय सांगावी?

वाचक म्हणतील, जे जन्मभर तेथेंच राहतात त्यांचें काय? २००७ ते २०११ या काळांत लडाखमधील २,८०० लोकांची तपासणी झाली, तींत शेंकडा ३७ जणांस हा विकार आढळला. परंतु खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. चांगथांगच्या पठारावर, ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर, मेंढ्यांमागें हिंडणाऱ्या लोकांत हें प्रमाण कमी. आणि त्यांच्यांतील जे खालीं लेह शहरांत येऊन स्थायिक झाले, त्यांच्यांत तें शेंकडा ४८! म्हणजे जे डोंगर उतरले, त्यांचाच दाब चढला. चालणें सुटलें, बसणें वाढलें, वजन वाढलें. शिवाय लोणी व मीठ घातलेला चहा दिवसभर चालतोच. डोंगराचा दोष आहे खरा, पण सगळा डोंगराचा नव्हे.

आमचा पन्हाळा तीन हजार फुटांच्या थोडा वर, महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास. एवढ्या उंचीची मोठीशी बाधा होत नाहीं. परंतु लेहकरांच्या चहांतलें मीठ मोजतांना आम्हांस आपलें पान आठवलें. लोणचें, पापड, सांडगी मिरची, आणि वर भातावर मेतकूट! एकादशीस सैंधव चालतें म्हणून कित्येक तें निर्दोष समजतात. पण सैंधव झालें तरी तें बव्हंशीं मीठच. जागतिक आरोग्य संघटनेनें दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमांच्या आंत घातली आहे. सगळें जेवण मिळून एक लहान चमचा, एवढेंच तें.

आमच्या पंचक्रोशींतील पुष्कळ घरचीं मुलें सैन्यांत आहेत, आणि हल्लीं आईबापही हौसेनें लडाख पाहावयास जातात. त्यांस आमची विनंति, कीं निघण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. गोळी एक दिवसही स्वतःच्या बुद्धीनें सोडूं नये. पोंचल्यावर पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहावें. आणि बसल्याजागीं धाप लागली किंवा भ्रम झाला, तर विलंब न करितां खालीं उतरावें. ज्यांचा दाब घरींच ताब्यांत नाहीं, त्यांनीं आधीं तो ताब्यांत आणावा, मग हिमालय पाहावा.

आम्हांस डॉक्टरांनीं तेथेंच गोळ्या दिल्या व तिसऱ्या दिवशीं दाब उतरला. घरीं परतल्यावर सौभाग्यवतींनीं एक शब्द काढला नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं संध्येस बसतांना पाहतों तों पळी-पंचपात्रीशेजारीं गोळ्यांची डबी ठेवलेली! तेव्हांपासून आचमनानंतर गोळी, हा आमचा नित्यक्रम झाला आहे. असो.