वायर सोडा, क्रॉसओव्हर बघा!

मंडळी, हापिसात सध्या एक साथ आलीय. ज्याला बोनस मिळतो तो स्पीकरसाठी महागडी वायर घेऊन येतो. "आवाज एकदम मोकळा झाला रे!" म्हणे.

जरा हिशेब करू. घरच्या वायरिंगची साधी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. तीन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा. तिचा रोध जेमतेम ०.०४ ओहम. आणि पाठीवर '८ ओहम' छापलेला वूफर? रेझोनन्सपाशी त्याचा आकडा कितीतरी पट उसळतो, आणि वरच्या पट्टीत कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढत जातो. खरा गोंधळ तिथे आहे, आणि आपण भांडतोय ०.०४ साठी!

जाड आवाज वूफरकडे आणि बारीक आवाज ट्वीटरकडे पाठवणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. स्वस्त डब्यात ते म्हणजे ट्वीटरला डकवलेला एकुलता एक कपॅसिटर. पुस्तकी सूत्रात ८ ओहम आणि ३००० हर्ट्झ घातले की ६.६ मायक्रोफॅरड येतात. लावला, झालं! पण हा उतार सप्तकामागे फक्त ६ डेसिबलचा. ट्वीटर न झेपणारंही गात बसतो, वूफरला तर कोणी अडवलेलंच नसतं. दोघं एकच सूर वेगवेगळ्या फेजमध्ये लावतात. कुठे बेरीज, कुठे वजाबाकी. तीही बहुतेक वेळा २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये, जिथे आपला कान सगळ्यात तिखट. मग किशोरीताईंचा ख्याल लावा नाहीतर बातम्या, 'स' टोचणारच.

"इक्वलायझर आहे ना!" नाही हो. वजाबाकी झाली तिथे जोर दिला तर दोघांचाही जोर वाढतो, खड्डा तसाच राहतो.

एचपीत काम करणाऱ्या झिगफ्रीड लिंकविट्झनं १९७६ साली यावर उपाय मांडला. त्याच्या आणि सहकारी रायलीच्या नावानं तो आजही चालतो. २४ डेसिबलचा उतार, सांध्यावर दोन्ही ड्रायव्हर ६ डेसिबल खाली आणि एकाच फेजमध्ये. बेरीज सपाट. मात्र हा उतार नुसत्या सर्किटचा असून भागत नाही, हवेतून पोचणाऱ्या आवाजाचा लागतो. ड्रायव्हरचा स्वतःचा उतारही त्यात धरावा लागतो. म्हणजे मोजमाप आलंच.

सत्तरच्या दशकात बीबीसीनं ओबी व्हॅनसाठी एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर केला. ड्रायव्हर केईएफचे, बाजारातलेच. खरी मेहनत क्रॉसओव्हरवर. लोक तो आजही जपून वापरतात.

आपण आयटीवाले. दोन मॉड्यूल सुटी सुटी उत्तम चालली, तरी इंटिग्रेशन टेस्टिंगशिवाय रिलीज करत नाही. मग स्पीकरच्या बाबतीत हे शहाणपण कुठे जातं? वॅट छापता येतात, वायर मिरवता येते. क्रॉसओव्हर डब्यात असतो, म्हणून पैसे तिथेच वाचवले जातात. आणि आपण ते वाचवू देतो.

वायरीच्या पैशात मोजमापाचा माइक येतो. रूम ईक्यू विझार्ड तर फुकट मिळतं. आणि पुढच्या वेळी दुकानात वॅट विचारू नका. क्रॉसओव्हर किती हर्ट्झला आहे आणि उतार किती, ते विचारा.

बघा पटतंय का.