नाव-गाव : चित्त्याचं उपकुल कुठलं?

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते कुनोत उतरले आणि आपण त्यांना वाघ-बिबट्यांच्या पंगतीत बसवून मोकळे झालो. प्राणिशास्त्रात मात्र चित्त्याचं पान मांजराशेजारी मांडलेलं आहे.

प्राण्यांच्या उपकुलाला नाव देताना कल्पनाशक्तीला फारसा वाव नसतो. उपकुलातली एक प्रजाती नमुना ठरते. तिच्या नावाच्या मूळ अंगाला ‘इनी’ जोडलं की उपकुल, ‘इडी’ जोडलं की कुल. फेलिसवरून फेलिडी आणि फेलिनी. मेख असते ती अंगात, कारण ते षष्ठीच्या रूपातून काढतात. संस्कृतात ‘वाक्’चं ‘वाचः’ होतं, तसं चित्त्याच्या अ‍ॅसिनोनिक्सचं अ‍ॅसिनोनिकिस होतं. म्हणून उपकुल अ‍ॅसिनोनिकिनी.

हे नाव पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये दिलं. वाघ-सिंहांचं पँथेरिनीही त्याचंच. पण पँथेरा हे प्रजातीचं नाव आलं होतं ओकेनच्या १८१६ च्या ग्रंथातून, आणि त्यात द्विनाम पद्धत नीट पाळलेली नाही म्हणून आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण आयोगाने १९५६ मध्ये तो ग्रंथच नामकरणासाठी बाद केला. रूढ नावाचा आधारच गेला. अखेर १९८५ मध्ये आयोगाने विशेषाधिकार वापरून ओकेनचं पँथेरा ग्राह्य धरलं. नाव तपासायचं म्हणजे असे जुने कागद उलगडायचे : प्रसिद्धी कधीची, नमुना प्रजाती कोणती, तिचं नाव वैध आहे का, अंग बरोबर काढलंय का.

या सगळ्या कसोट्यांवर उतरलेलं नावही वापरातून जाऊ शकतं. जनुकीय अभ्यासात चित्ता प्यूमाचा जवळचा नातलग निघाला आणि त्याची रवानगी फेलिनीत झाली. अ‍ॅसिनोनिकिनीच्या घडणीत खोट नव्हती. वेगळं उपकुल मानण्याचं कारण उरलं नाही, एवढंच.

‘शास्त्रज्ञ सारखी नावं बदलतात’ ही तक्रार म्हणूनच मला अर्धवट वाटते. नाव नियमांनी ठरतं, नातं पुराव्यांनी. आयोग पहिल्याचा निवाडा करतो, दुसऱ्याचा नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांनी आणि प्राणिसंग्रहालयांच्या फलकांनी उपकुलासोबत ‘पोकॉक, १९१७’ असा कर्ता आणि साल छापावं. आणि ही विभागणी कोणत्या वर्षीच्या वर्गीकरणानुसार आहे, तेही लिहावं. पहिल्या नोंदीवरून नावाचा उगम तपासता येईल, दुसरीवरून माहिती शिळी झाली की नाही ते कळेल.