‘ड्रॉप’ आणि ‘काहीतरी’

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पंधरा-वीस दिवस एकच चर्चा चालते, आणि ती दोन शब्दांवर चालते. एक ‘ड्रॉप’ आणि दुसरा ‘काहीतरी’. गुण कमी पडले आहेत, तेव्हा ड्रॉप घे. घ्यायचा नसेल तर दुसरे काहीतरी कर. आईवडील, मामा, काका, क्लासचे सर, सगळे याच दोन शब्दांत बोलतात आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला वा मुलीला याच दोन शब्दांत उत्तर द्यावे लागते. साहित्य शिकवणाऱ्यांनी या विषयात नाक खुपसण्याचे कारण काय, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. कारण असे की हे दोन्ही शब्द खोटे आहेत, आणि शब्दांचा खोटेपणा उघड करणे हे आपले काम आहे असे आपण चर्चासत्रांतून फार गंभीर चेहऱ्याने सांगत असतो. शिवाय त्या ‘काहीतरी’मध्ये आपण स्वतः बसलेलो आहोत.

आधी ‘ड्रॉप’. इंग्रजीतला हा शब्द मराठीत येताना ‘घेणे’ हे क्रियापद लावून आला. जणू काही रजा घ्यावी, औषध घ्यावे. प्रत्यक्षात इथे काही सोडले जात नाही आणि काही गळतही नाही. एक वर्ष विकत घेतले जाते. त्या वर्षाची किंमत असते: क्लासची फी, लातूरला किंवा कोट्याला राहण्याचा खर्च, धाकट्या भावंडाचे पुढे ढकललेले शिक्षण, आणि मुलगी असेल तर लग्नाच्या गोष्टी थोपवून धरण्याची घरातली ताकद. तामिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली दिलेल्या अहवालात नोंदवले की त्या राज्यात वैद्यकीय प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण नीट सक्तीची होण्याच्या सुमारास साधारण आठातले एक होते. चार-पाच वर्षांत ते सत्तर टक्क्यांच्या पुढे गेले. आकडे तामिळनाडूचे आहेत, पण परीक्षा सगळ्या देशाची एकच आहे. ती कितीही वेळा देता येते. २०२२ साली वयाची वरची मर्यादाही उठली. म्हणजे पहिल्यांदा बसलेली मुलगी आपल्या वयाच्या मुलांशी स्पर्धा करतच नाही. ती दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा बसलेल्यांशी स्पर्धा करते. तेव्हा ‘ड्रॉप घे’ म्हणणारे काका मूर्ख नव्हेत, त्यांनी व्यवस्था बरोबर वाचलेली आहे. आमचा आक्षेप त्यांच्या सल्ल्याला नाही. ज्याच्याकडे थांबण्याची ऐपत आहे त्याला ही परीक्षा ‘हुशार’ म्हणते, आणि ही ऐपत ‘ड्रॉप’ या हलक्याफुलक्या शब्दाखाली दडून राहते, याला आमचा आक्षेप आहे.

आता ‘कमी गुण’ म्हणजे काय तेही पाहू. परीक्षा ७२० गुणांची. २०२४ साली निकाल सुधारून झाल्यावरही १७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते. २०२५ साली देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६. तेच गुण एका वर्षी निराशेचे आणि दुसऱ्या वर्षी पेढ्यांचे. गुणांना स्वतःचा अर्थ नाही. अर्थ आहे रांगेतल्या क्रमांकाला. २०२५ साली सुमारे २२ लाख मुले बसली, १२ लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरली, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यांतल्या सरकारी फीच्या साधारण निम्म्या. दहा पात्रांमागे नऊ जणांना ज्यात काहीच मिळायचे नाही, तिथे ‘पात्र’ या शब्दाचे करायचे काय? (नाटकात निदान पात्राला रंगमंचावर यायला मिळते.) शाळेतल्या परीक्षेत पस्तीस गुणांवाला पास होतो म्हणून नव्वदवाल्याचे काही बिघडत नाही. इथे एकाचे येणे म्हणजे दुसऱ्याचे जाणेच. अशा परीक्षेत मागे राहिलेल्याला आपण सर्रास ‘फेल गेला’ म्हणतो. तो नापास झालेला नाही. रांगेत त्याच्या आधीच जागा संपल्या.

हे सगळे हवेत बोलायला नको म्हणून करंजाकडे बघू. जुन्या गॅझेटियरांत करंजा बेट पनवेल तालुक्यात मोडे. आज ते उरण तालुक्यात आहे. द्रोणागिरीच्या पायथ्याशी, धरमतरच्या खाडीच्या तोंडावर वसलेले हे कोळ्यांचे गाव. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या पट्ट्यात सिडको आली, १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आणि शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू, ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेलच्या विमानतळाचे उद्घाटन. ज्यांची भातशेती आणि मिठागरे गेली त्यांच्यापैकी काहींच्या हाती साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, आणि त्या भूखंडातून एखाद्या नातवाची खाजगी कॉलेजातली फीही निघाली असेल. कोळ्याच्या समुद्राला मात्र सातबारा नसतो. खाडीत भराव पडला, मासळी आटली, तर नुकसान कोणत्या गट नंबरावर दाखवायचे? त्यामुळे एकाच पट्ट्यातल्या दोन मुली, समजा तेवढेच गुण मिळवून घरी आल्या, तरी त्यांच्यापुढचे निर्णय एक नसतात. एकीसाठी ड्रॉप हे वर्ष आहे. दुसरीसाठी ते होडीच्या इंजिनाचे कर्ज आहे.

करंजाच्या धक्क्यावरून तरीत बसले की समोर रेवस, आणि तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर अलिबाग. तिथे २०२१-२२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, शंभर जागांचे. खाडीपलीकडचे कॉलेज! पण त्या शंभर जागांतल्या पंधरा टक्के देशाच्या यादीने भरतात आणि उरलेल्या राज्याच्या. प्रादेशिक ७०:३० चा कोटाही राज्याने २०२० साली रद्द केला. त्या निर्णयामागे मराठवाडा-विदर्भाची न्याय्य तक्रार होती, ती आम्ही नाकारत नाही. तरी जिल्ह्याला कॉलेज मिळाले म्हणजे जिल्ह्यातल्या मुलींना दार उघडले, या फलकबाजीवर कोणी विश्वास ठेवू नये. इमारत तरीच्या अंतरावर आली, यादी होती तिथेच राहिली.

आणि भाषा. इथे आपल्याला अंग चोरता येणार नाही. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली मुलगी अकरावीला विज्ञान घेते त्या दिवशी तिच्या हातातली पुस्तके इंग्रजी होतात. पेशी, ऊती, चेतासंस्था, प्रकाशसंश्लेषण हे सगळे तिने मराठीत नीट समजून घेतलेले असते. दोन वर्षांत ते तिला परक्या नावांनी पुन्हा पाठ करावे लागते, आणि तेही एकशे ऐंशी प्रश्नांना सरासरी एक मिनिट या वेगाने, प्रत्येक चुकीला एक गुण गमावत. नीट मराठीतही देता येते, तेरा भाषांपैकी ती एक आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण वीस-बावीस लाखांत मराठी प्रश्नपत्रिका मागणारे काही हजारच निघतात, कारण बारावीचे विज्ञान ज्या भाषेत शिकवलेच नाही त्या भाषेत उत्तरे द्यायची कशी? परीक्षेच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेले असते की भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठ अंतिम. २०१७ साली तर प्रादेशिक भाषांतल्या प्रश्नपत्रिका इंग्रजीहून वेगळ्याच निघाल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला तेव्हा मराठी विभागांनी सोहळे केले. बारावीचे जीवशास्त्र मराठीत का नाही, हा प्रश्न त्या सोहळ्यांत विचारलेला आमच्या तरी कानी आला नाही. कवितेची भाषा जपणारे आपण, जठराची भाषा इंग्रजीला देऊन मोकळे झालो.

आता ‘काहीतरी’. या शब्दात आयुर्वेद येतो, होमिओपॅथी येते, फिजिओथेरपी, नर्सिंग, पशुवैद्यक, प्रयोगशाळा तंत्रज्ञान येते, आणि शेवटी, सगळ्यांच्या तळाशी, बीए. यांतल्या प्रत्येकाचे दार वेगळे, नियम वेगळे, फी वेगळी आणि पुढचे आयुष्यही वेगळे. आयुर्वेद नि होमिओपॅथीला नीटच लागते, नर्सिंगची सीईटी स्वतंत्र असते. पण घरात हे सगळे एका गाठोड्यात बांधलेले असते. परिचारिका होणे ही डॉक्टर न होण्याची एक पद्धत आहे, असेच बोलले जाते. ज्या मुलीने तीन दिवस आजीच्या उशाशी बसून सलाइन, मूत्राची पिशवी, औषधांच्या वेळा सांभाळल्या, तिला कदाचित हेच काम हवे असेल; पण ‘काहीतरी’ या शब्दात ‘हवे असणे’ याला जागा नसते. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. करंजासारख्या गावात निकालानंतरच्या चर्चेत त्याचे नाव किती वेळा निघत असेल? अर्थात कोळ्यांच्या मुलांनी दर्याकडे परतावे असली शहरी भावगीते आम्हाला गायची नाहीत. होडीतून मुलगी बाहेर काढण्यासाठीच बापाने तिला विज्ञान घ्यायला लावले, आणि त्याचे बरोबर आहे. आमचे म्हणणे एवढेच की नाकारायचे तेही नाव घेऊन नाकारावे.

‘काहीतरी’तच परदेशी एमबीबीएसही आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या तळघरांतून हजारो भारतीय मुले परत आणावी लागली, तेव्हा कुठे आपल्याला कळले की इथल्या खाजगी फीच्या निम्म्यात डॉक्टर होण्यासाठी मुले कुठवर जातात. परतल्यावर त्यांना जी पात्रता परीक्षा द्यावी लागते तिच्या अलीकडच्या अनेक सत्रांत चौथा हिस्साही उत्तीर्ण झाला नाही. दलाल हे सांगत नाहीत. ‘काहीतरी तर करायचंय ना’ असे म्हणतात, आणि त्या शब्दाच्या जोरावर शेतीवर कर्ज निघते.

या दोन शब्दांइतकाच आम्हाला तिसऱ्या एका गोष्टीचा कंटाळा आला आहे, आणि ती आपल्याच वर्तुळातली आहे: सांत्वन. ‘गुण म्हणजे सर्वस्व नव्हे’, ‘आपल्या आवडीच्या मागे जा’. पाठोपाठ उदाहरणे येतात. डॉ. श्रीराम लागू घशाची शस्त्रक्रिया सोडून १९६९ साली पूर्णवेळ रंगभूमीवर आले. अनिल अवचट डॉक्टर होऊनही लिहीत राहिले. ही दोन्ही माणसे आम्हाला अतिशय प्रिय आहेत. पण या उदाहरणांचा या मुलीला उपयोग काय? लागूंनी नाक-कान-घशाचा दवाखाना सोडला. सोडायला तो होता. अवचट बी. जे. मेडिकलमधून पदवी घेऊन बाहेर पडले होते. आत शिरून बाहेर येणाऱ्याला आपण धाडसी म्हणतो आणि दाराशीच अडवलेल्याला आवडीचे प्रवचन देतो. जिने दोन वर्षे पहाटे चारला उठून केवळ डॉक्टर होण्याची आवड जोपासली, तिची ‘खरी आवड’ वेगळीच असावी असे निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुचवणे हा तिचा अपमान आहे. तिला डॉक्टरच व्हायचे होते. ते झाले नाही, किंवा अजून झालेले नाही. शोक करू द्यावा आठ दिवस. मग कागद घेऊन बसावे: राज्याच्या यादीत क्रमांक किती, गेल्या वर्षी आपल्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकाला झाला, अंतर किती, ते एका वर्षात भरण्यासारखे आहे की नाही, ते वर्ष कोणाच्या पैशाने, आणि पुढल्या वर्षीही नाही झाले तर दोन वर्षांनी कुठल्या दारात उभे राहायचे. या कागदावर ‘ड्रॉप’ही लिहायचे नाही आणि ‘काहीतरी’ही नाही.

राहता राहिलो आपण. दर वर्षी कला शाखेच्या प्रवेशाच्या टेबलापाशी अशी काही मुले येतात. आपण अर्ज बघतो, बारावी विज्ञान, आणि मनातल्या मनात म्हणतो, अच्छा, नीटवाले. मग शिक्षककक्षात तक्रार करतो की हल्ली मुले साहित्याच्या ओढीने येत नाहीत, उरलेली येतात. आपल्यापैकी किती जण ओढीने आले होते, ही चौकशी करायला आम्ही तयार आहोत, वाचक तयार असतील तर. त्याहून वाईट म्हणजे, या ‘उरलेल्यां’ना आपण तीन वर्षे गाइडांवर, ठरावीक दहा प्रश्नांवर आणि हजेरीपटावर काढू देतो, कारण तेही कुठे मनापासून आलेत! शेजाऱ्यांनी बीएला तळाशी ठेवले. ते तळाशीच राहील याची काळजी आपण घेतो. आणि हीच मुले पुढे कुठल्याशा स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत दिसली की त्यांची कणव करणारे लेखही आपणच लिहितो.

विज्ञानातून आलेल्या मुलीला पेशी कळते, उत्क्रांती कळते, प्रयोगाची नोंद कशी ठेवायची हे कळते. मराठी विभागाला यातले काही हवे आहे का? तिला पहिल्या वर्षी नवकथेवरच्या टिपणांऐवजी अकरावीच्या जीवशास्त्राचा एक धडा मराठीत उतरवायला द्यावा, तिच्या गावच्या मासळीची नावे, जाळ्यांचे प्रकार, भरती-ओहोटीचे शब्द गोळा करायला लावावेत, आणि ते काम तिच्या गुणपत्रिकेत मोजावे. अभ्यासमंडळांवर बसलेले आमचे स्नेही यावर म्हणतील की श्रेयांकांत ते बसत नाही. बसवा. नवे शैक्षणिक धोरण आल्यापासून श्रेयांकांत काय काय बसवले गेले याची यादी आमच्याकडे आहे. आणि तेवढी तयारी नसेल तर त्या टेबलापाशी मुलीला सरळ सांगा, की इथे तुझी तीन वर्षे जातील. नर्सिंगच्या अर्जाची मुदत संपली नसेल, तर आधी ती बघ.