अंबडमध्ये इलेक्ट्रिक कार वापरायचा खरा खर्च किती? ‘रुपयाला एक किलोमीटर’चं गणित घरच्या वीजबिलावर तपासून पाहू

“ती लाइटवरची गाडी रुपयाला एक किलोमीटर पळते म्हणे. खरं आहे का बघ बरं मोबाईलवर.” सध्या बऱ्याच घरांत पप्पा किंवा काका हा प्रश्न विचारतायत आणि उत्तर शोधायचं काम आपल्याकडे येतंय. रील्स बघितल्या तर सगळीकडे एकच आकडा दिसतो: एक रुपया. पण त्या रीलमध्ये वीजबिल कुणाचं धरलंय, हे कुणी सांगत नाही.

म्हणून आज हिशेब अंबडचा करू. म्हणजे महावितरणचं घरगुती मीटर, जालन्याला रोजची ये-जा आणि मराठवाड्याचा उन्हाळा धरून.

एक रुपया हा आकडा येतो कुठून?

छोटी इलेक्ट्रिक कार, म्हणजे टिआगो ईव्हीच्या आसपासची, १०० किमी चालवायला मीटरवर साधारण १५ युनिट लागतात असं धरा. बॅटरीत त्यापेक्षा थोडी कमी वीज जाते, कारण चार्जिंग होताना काही वीज उष्णतेत वाया जाते. पण बिल मीटरवरच्या युनिटचं येतं, त्यामुळे आपण मीटरचाच आकडा धरायचा.

आता युनिट पावणेसात-सात रुपयांना पडलं, तर १५ युनिटचे झाले १०० ते १०५ रुपये. म्हणजे किलोमीटरला एक रुपया. जाहिरात खोटी नाहीये. फक्त तो दर महिन्याच्या पहिल्या १०० युनिटचा आहे, आणि ते १०० युनिट घरातला फ्रिज, पंखे, टीव्ही आणि पाण्याची मोटर आधीच संपवून बसलेले असतात.

खरा खेळ स्लॅबचा

महावितरणच्या घरगुती बिलात दर टप्प्याटप्प्याने वाढतो: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. २०२५-२६ च्या दरांनुसार वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं, तर एक युनिट ढोबळमानाने असं पडतं:

- पहिले १०० युनिट: सुमारे ₹७
- १०१ ते ३००: सुमारे ₹१३
- ३०१ ते ५००: सुमारे ₹१६.५०

यात इंधन समायोजन आकार दर महिन्याला थोडा इकडेतिकडे होतो. पण मुद्दा लक्षात आला ना? कारचे युनिट घरच्या युनिटच्या *वर* चढतात. त्यामुळे कारला स्वस्त स्लॅब मिळतच नाही, ती थेट महागड्या स्लॅबमध्ये बसते.

घरी चार्जिंग करताना कारसाठी वेगळा स्वस्त दर लागत नाही का? नाही. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज केली, तर त्या जागेचा जो दर असेल तोच लागतो. चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत तशी तरतूद केली. मात्र तिचा दर, स्थिर आकार आणि जोडणीचा खर्च तिन्ही विचारून मगच अर्ज करा. महिन्याला ७०-८० युनिटच लागणार असतील, तर दुसरं मीटर परवडेलच असं नाही.

अंबड ते जालना: दोन घरांचा हिशेब

दोन्ही घरांत गाडी सोडून महिन्याला १२० युनिट जळतात असं समजू. पेट्रोल ₹१०५ लिटर आणि पेट्रोल कारचं ॲव्हरेज १८ किमी.

*पहिलं घर:* नोकरीसाठी रोज जालन्याला जाऊन-येऊन ६० किमी, महिन्यात २५ दिवस. म्हणजे १,५०० किमी आणि २२५ युनिट. त्यातले १८० युनिट ₹१३ ने आणि उरलेले ४५ युनिट ₹१६.५० ने. एकूण सुमारे ₹३,०८०, म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांच्या थोडं वर. तेवढंच अंतर पेट्रोलवर कापायला लागतात ₹८,७५०. महिन्याला साडेपाच हजारांहून जास्त वाचतात, वर्षाला साधारण ₹६८,०००.

*दुसरं घर:* गाडी दारात उभी. बाजार, लग्नकार्य, दवाखाना आणि कधीतरी संभाजीनगर. महिन्याला ५०० किमी, म्हणजे ७५ युनिट. वीज ₹९७५, पेट्रोल ₹२,९२०. बचत महिन्याला दोन हजारांच्या आत, वर्षाला सुमारे ₹२३,०००.

आता समजा, इलेक्ट्रिक कार तशाच पेट्रोल कारपेक्षा अडीच लाखांनी महाग पडतेय. पहिल्या घराचे जास्तीचे पैसे चार वर्षांच्या आत वसूल. दुसऱ्या घराला जवळपास अकरा वर्षं लागतील. टिआगो ईव्हीसारख्या गाड्यांच्या बॅटरीवर वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची असते. म्हणजे दुसऱ्या घराचे पैसे वसूल होण्याआधीच वॉरंटी संपलेली असेल. गाडी तीच, गावही तेच, पण एकासाठी फायद्याचा आणि दुसऱ्यासाठी हौसेचा सौदा.

२०२५ मध्ये दोन गोष्टी बदलल्या

पहिली, राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२५. ते ३१ मार्च २०३० पर्यंतचं आहे आणि त्यात इलेक्ट्रिक गाड्यांना मोटार वाहन कर माफ आहे. पेट्रोल कारला १० लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के कर लागतो. म्हणजे सहा लाखांच्या गाडीवर ₹६६,०००. म्हणूनच तुलना कायम ऑन-रोड किमतीची करा, एक्स-शोरूमची नको.

दुसरी गोष्ट उलट्या दिशेची. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल कारवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवरचा ५ टक्के होता तसाच राहिला. त्यामुळे दोन्हींच्या किमतीतला फरक पुन्हा वाढला. मागच्या वर्षीचा एखादा ‘ईव्ही की पेट्रोल’ व्हिडिओ बघून निर्णय घेत असाल तर थांबा, त्यातले आकडे आता जुने झालेत.

समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी हाही या धोरणाचा भाग आहे. एप्रिल २०२५ पासून कारचा टोल किलोमीटरला ₹२.०६ आहे, त्यामुळे जालन्याहून नागपूर किंवा मुंबई करणाऱ्यांसाठी ही बचत मोठी आहे. फास्टॅगमधून पैसे कापले गेले नाहीत ना, तेवढं प्रवासानंतर ॲपमध्ये बघा. शिवाय ताशी १२० ने गाडी हाणली तर रेंज झपाट्याने खाली येते, हेही ध्यानात ठेवा.

शेतातल्या लाइनवर लावली तर?

हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही, पण मनात बऱ्याच जणांच्या येतो. मळ्यात मोटारीची वीज आहे, ७.५ एचपीपर्यंतच्या पंपाला बिलही माफ आहे, मग रात्री तिथेच गाडी लावली तर?

लावू नका. शेतीपंपाची जोडणी फक्त पंपासाठी असते. तिच्यावर कार चार्ज करणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. आकडा टाकला तर ती सरळ वीजचोरी, कलम १३५. शिवाय शेतातल्या लाइनचा व्होल्टेज कमी-जास्त होतो आणि अर्थिंगचा भरवसा नसतो. त्यात चार्जर जळाला तर सगळी बचत एका झटक्यात गेली.

बाकीचे खर्च

*बाहेरचं फास्ट चार्जिंग:* युनिटला साधारण ₹१८ ते ₹२५, त्यावर १८ टक्के जीएसटी आत आहे की वेगळा ते ॲपमध्ये बघा. रोज बाहेरच चार्ज करावं लागलं तर किलोमीटरला तीन रुपये धरून चाला. भाड्याच्या घरात राहत असाल आणि पार्किंगमध्ये प्लग नसेल, तर हाच तुमचा दर. जवळचे चार्जर बघायला सरकारचं ‘ईव्ही यात्रा’ ॲप आहे. पण तो चार्जर आज सुरू आहे का, हे फोन करून विचारा.

*घरातली तयारी:* १५ अँपिअरचा सॉकेट, वेगळी वायर, चांगली अर्थिंग आणि पुरेसा मंजूर भार. अशा सॉकेटवर तासाला साधारण ३ युनिट भरतात. म्हणजे २४ युनिटची रिकामी बॅटरी भरायला अख्खी रात्र लागते. रात्री लाइट जाणाऱ्या भागात याचा आधी विचार करा.

*विमा:* २०२२ च्या दरपत्रकात इलेक्ट्रिक कारला थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सूट आहे. पण गाडीची किंमत जास्त असल्यामुळे ओन डॅमेजचा हप्ता वाढतो. एकूण कोटेशन मागवा.

*सर्व्हिस आणि टायर:* इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, क्लच हे खर्च नाहीत. टायर मात्र बॅटरीच्या वजनामुळे लवकर झिजू शकतात.

*मे महिना:* एसी लावून ४०-४२ अंशांत रेंज कमी मिळते, आणि त्याच महिन्यात घरातला कूलर बिल आधीच वर नेऊन ठेवतो. म्हणजे स्लॅबचा फटका दुहेरी.

सोलर असेल तर चित्र बदलतं

पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ₹७८,००० अनुदान मिळतं. आपल्याकडच्या उन्हात ३ किलोवॅटचं छत महिन्याला साधारण ३५० युनिट देतं. वरच्या पहिल्या घराचं घर आणि गाडी मिळून बिल ३४५ युनिटचं आहे, म्हणजे जवळपास सगळंच निघतं. फक्त दिवसा तयार झालेली वीज रात्रीच्या चार्जिंगमध्ये कशी वजा होईल, हे नेट मीटरिंगच्या आजच्या नियमांनुसार लेखी विचारून मगच सही करा.

आज रात्री एवढं करा

महावितरणच्या ॲपमधून मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा. प्रत्येक महिन्याचे युनिट लिहा. खाली महिन्याचे किलोमीटर लिहा आणि त्यांना ०.१५ ने गुणा. हे झाले कारचे युनिट. ते घरच्या युनिटवर चढवा आणि कोणत्या स्लॅबमध्ये पडतात ते बघा.

घरचं चार्जिंग असेल आणि महिन्याला हजार किमीच्या वर फिरणं असेल, तर शोरूमला जाऊन टेस्ट ड्राइव्ह घ्यायला हरकत नाही. ५०० च्या आत असाल आणि घरावर सोलर नसेल, तर पप्पांना सांगा, “खरं आहे, पण आपल्यासाठी नाही. अजून थोडं थांबू.”