यंदाची टॅग टीम कोणती?

२०२३ सालातली सर्वांत चांगली टॅग टीम कोणती, या प्रश्नावर आमच्या हाउसमध्ये डिसेंबरपासून दोन तट पडले आहेत. एक तट केव्हिन ओवेन्स आणि सॅमी झेन यांचा, दुसरा उसो भावांचा. मधूनच कोणीतरी एमजेएफ आणि अ‍ॅडम कोलचं नाव घेतो आणि आवाज आणखी चढतो. मुद्दे मात्र सगळ्यांचे तेच. कोण किती दिवस चँपियन होतं, कोणी कोणाला पाडलं, कोणाची एन्ट्री भारी. माझं मत या दोन्ही तटांपेक्षा वेगळं आहे. मेसच्या रांगेत ते पुरतं मांडता येत नाही, म्हणून मराठी पानाची जागा मागून घेतली.

आधी पालकांच्या आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. आमच्यापैकी बऱ्याच जणांची मूळ गावं सातारा, सांगली, कोल्हापूरकडची. सुट्टीत टीव्हीवर ही कुस्ती लावली की आतल्या खोलीतून हमखास शेरा येतो, "नूरा कुस्ती आहे ती, बंद कर." इथे गुरुग्रामला आल्यावर वाटलं होतं, हे फक्त आपल्याकडे असेल. पण झज्जर, सोनीपतकडचे मित्र, ज्यांच्या गावात अजून पहाटे आखाड्याची माती खणली जाते, तेही घरी हेच ऐकतात. शब्द फक्त हरियाणवी.

शेरा खरा आहे. निकाल आधी ठरलेला असतो. म्हणूनच तर चँपियन किती दिवस होते हा हिशोब निरर्थक ठरतो. उसो भावांनी १८ जुलै २०२१ पासून १ एप्रिल २०२३ पर्यंत, म्हणजे ६२२ दिवस पट्टा राखला, हे आमच्याकडे पाठ असतं. ते ६२२ दिवस पटकथा लिहिणाऱ्याने दिले. ते मोजून जिम्मी आणि जे उसो यांच्याबद्दल काही कळत नाही.

मग मोजायचं काय? इंटर-हाउस ड्रिलची स्पर्धा आठवा. स्क्वाड कुठे वळणार, कधी थांबणार, शेवटची सलामी कुठे होणार, हे बघणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असतं. तरी पहिला नंबर एकाच स्क्वाडला मिळतो आणि त्यावरून आठवडाभर अबोलाही चालतो. जे आधीच ठरलं आहे ते किती अचूक, किती विश्वासाने आणि किती एकजीव होऊन केलं, यालाच तिथे गुण असतात. टॅग टीमला मी हीच फूटपट्टी लावतो. ती लावली की नजर आपोआप रिंगमधल्या माणसावरून दोरीबाहेरच्या माणसाकडे जाते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन विरुद्ध दोन अशी लढत असते, पण आत लढायचं एकेकानेच. दुसऱ्याने आपल्या कोपऱ्यात दोरीबाहेर, तिथे बांधलेला दोरीचा लहान तुकडा धरून उभं राहायचं. आतल्याने हात लावला तरच त्याने आत यायचं. टॅग झाल्यावर पहिल्याला बाहेर जायला पंच मोजकेच अंक देतात. म्हणजे वीस मिनिटांच्या लढतीत प्रत्येक जण साधारण निम्मा वेळ काहीही न करता उभा असतो. खरा कस त्या उभं राहण्यात आहे. जोडीदार मार खातोय, आपण ताजेतवाने आहोत आणि हात पोहोचत नाही. ते खरं वाटायला लावणं हे उडी मारण्यापेक्षा कठीण काम आहे.

मराठीत "जोड" हा शब्द कुस्तीत नेमका उलट अर्थाने येतो, हे मला गमतीचं वाटतं. खासबागेच्या मैदानात जोड लावतात ती दोन प्रतिस्पर्ध्यांची. अमक्याला तमक्याची जोड. आपल्या मातीत जोडीदार म्हणजे समोरचा, पाठीशी असलेला नव्हे. त्यामुळे आपण लक्षात ठेवतो ते एकेकटे मल्ल. १९६८ मध्ये मुंबईत लू थेझला हरवणारे दारासिंग, २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चँपियन झालेला ग्रेट खली, २०१७ मध्ये पट्टा जिंकलेला जिंदर महाल. जोडी म्हणून कोणाचं नाव सांगा म्हटलं तर सगळे गप्प. आणि तरीही दोरीबाहेरच्या माणसाची सर्वांत चांगली गोष्ट आपलीच आहे. भीम आणि जरासंध झुंजत असताना काठावर उभा असलेला कृष्ण गवताची काडी उभी चिरतो आणि दोन तुकडे उलटसुलट दिशांना टाकतो. आत न उतरता त्याने लढत फिरवली. गुरू द्रोणांच्या नावाच्या गावात राहून ही गोष्ट आपल्याला रेसलमेनियापेक्षा आधी आठवायला हरकत नाही.

आता नावं घेतो.

उसो भाऊ यंदाच्या यादीत माझ्याकडे नाहीत. जुळे भाऊ आहेत, एकमेकांकडे न बघता एकाच क्षणी दोघांची लाथ बसते, ते सगळं कबूल. पण ऑगस्टनंतर ते जोडी म्हणून उरलेच नाहीत. ऑगस्टमध्ये जिम्मीनेच जेचा घात केला. वर्षाच्या सात महिन्यांवर वर्षाचा नंबर देता येत नाही.

ओवेन्स आणि झेन यांची गोष्ट वर्षातली सर्वांत चांगली गोष्ट होती, यावर माझा वाद नाही. दोघेही कॅनडातल्या क्युबेकचे, वीस वर्षांची ओळख, कधी मित्र कधी वैरी. २००८ मध्ये लहान कंपनीत दोघांनी मिळून टॅग पट्टा जिंकला होता, तेव्हा झेन तोंडावर मुखवटा घालून लढायचा. २८ जानेवारी २०२३ ला रॉयल रंबलमध्ये ओवेन्सला दोरीला हातकड्या घालून बांधलेलं होतं. झेनच्या हातात खुर्ची देऊन त्याला मारायला सांगितलं गेलं. त्याने ती खुर्ची हुकूम देणाऱ्या रोमन रेन्सच्याच पाठीत घातली. पुढे १ एप्रिलला लॉस एंजेलिसजवळच्या मैदानात दोघांनी उसोंचा पट्टा घेतला. रेसलमेनियाची शेवटची लढत टॅग पट्ट्यासाठी होण्याची ही पहिलीच वेळ. १९८५ च्या पहिल्या रेसलमेनियाची शेवटची लढतही दोन विरुद्ध दोन होती, पण तिथे पट्टा पणाला नव्हता आणि एका बाजूला चक्क सिनेनट मिस्टर टी होता.

मग पहिला नंबर यांना का नाही? कारण माझ्या लक्षात राहिलेला प्रत्येक क्षण गोष्टीतला आहे, जोडीच्या कामातला नाही. दोघे उत्तम मल्ल आहेत आणि एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. उन्हाळ्यानंतर त्यांच्या लढतींत ती धग राहिली नाही, आणि २ सप्टेंबरला त्यांनी पट्टा गमावला. तिसरा नंबर.

एमजेएफ आणि कोल यांच्यावर हाउसमधल्या मुलांचं प्रेम का, ते मला कळतं. दोघांना चिठ्ठ्या टाकून एकत्र आणलं. दोघांना एकमेकांचा तिटकारा. आणि मग दोघांनी एकाच वेळी हात आडवे करून समोरच्याला आडवं करायचं, एवढ्या साध्या डावासाठी हजारो लोक उभे राहू लागले. २७ ऑगस्टला लंडनच्या वेम्बलीत त्यांनी संध्याकाळी मिळून टॅग पट्टा जिंकला आणि रात्री एकमेकांशीच लढले. सप्टेंबरमध्ये कोलचा घोटा जायबंदी झाला. ३० डिसेंबरला तर कोलच पडद्यामागचा खलनायक निघाला. वर्षभर हसवणारी जोडी होती, पण ज्या जोडीतला एक जण शेवटी मुखवट्यामागून निघतो तिला मी सर्वोत्तम म्हणणार नाही. यावर कोणाला माझ्याशी भांडायचं असेल तर गेम्स पिरियडनंतर भेटावं.

आपल्या लोकांचं काय? इंडस शेर, म्हणजे वीर महान आणि सांगा. वीर हा उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा रिंकू सिंग. भालाफेक करणारा हा मुलगा २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेत जिंकून अमेरिकेत बेसबॉल खेळायला गेला, त्यावर हॉलिवूडने सिनेमाही काढला. सांगा म्हणजे सौरव गुर्जर, २०१३ च्या टीव्हीवरच्या महाभारतातला भीम. ८ सप्टेंबर २०२३ ला हैदराबादच्या गचिबावलीत दोघे ओवेन्स आणि झेन यांच्याशी लढले आणि हरले. हरण्याचं दुःख नाही, निकाल ठरलेलाच असतो. पण ती लढत पुन्हा बघा आणि फक्त दोरीबाहेरच्यावर नजर ठेवा. झेन बाहेर असताना सतत काहीतरी करतोय: पाय आपटतोय, प्रेक्षकांना ओढतोय, हात लांब करून जवळजवळ पडतोय. आपले दोघे आत असले की भक्कम, बाहेर गेले की नुसते पाळीची वाट बघणारे. दोन उंच माणसं एका रंगाच्या कपड्यांत उभी केली की जोडी होत नाही. भारतीय म्हणून दोन गुण जास्त द्यावेत असं बऱ्याच जणांना वाटतं. मला वाटत नाही.

दुसरा नंबर मी ज्यांना देतो त्यांचं नाव हाउसमध्ये फार तर तिघांनी ऐकलं असेल: जपानची बिशामोन. हिरोकी गोटो आणि योशी-हाशी. बिशामोन हा जपानी लोकांचा युद्धदेव, आणि तो मुळात आपला वैश्रवण, म्हणजे कुबेर. बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेला आणि चिलखत घालून बसला. आता या दोघांचं वैशिष्ट्य बघा. गोटोने जपानच्या सर्वांत मोठ्या पट्ट्यासाठी कित्येकदा झुंज दिली, २०२३ पर्यंत तो त्याला एकदाही मिळाला नव्हता. योशी-हाशी २००८ पासून लढतोय, त्याला पहिला पट्टा मिळायला २०२० साल उजाडलं, तोही तिघांच्या संघात. एकेकटे बघितले तर दुसऱ्या फळीतले. एकत्र आले आणि २०२१, २०२२, २०२३ अशी सलग तीन वर्षं त्यांनी वर्ल्ड टॅग लीग जिंकली. लिहिणाऱ्याने पुन्हा पुन्हा त्यांच्यावर भरवसा का टाकला असेल, ते लढत बघितली की कळतं. एकाला दम लागलाय हे दुसऱ्याला प्रेक्षकांच्या आधी समजतं.

पहिला नंबर एफटीआर. डॅक्स हारवुड आणि कॅश व्हीलर. होय, ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये याच बिशामोनने त्यांना हरवलं होतं. निकाल मोजायचा नाही असं ठरलंय ना?

यांच्याकडे हवेत गिरक्या नाहीत, रंगीत धूर नाही. जुन्या पद्धतीने समोरच्याला आपल्या कोपऱ्यात कोंडायचं, रिंग अर्धी करून टाकायची आणि त्याच्या जोडीदाराचा हात पोहोचेल तेवढं अंतर कायम राखायचं. १५ जुलैला जे व्हाइट आणि ज्यूस रॉबिन्सन यांच्याशी तीनपैकी दोन डावांची लढत झाली, ती जवळजवळ तासभर चालली. आठवड्याच्या साध्या कार्यक्रमात, तेही सुट्टीच्या रात्री. शेवटची दहा मिनिटं चौघांचे पाय थरथरत होते आणि तरी एकही टॅग चुकीच्या क्षणी झाला नाही. सहा आठवड्यांनी वेम्बलीत ८१,०३५ प्रेक्षकांपुढे, असा आकडा कंपनीने जाहीर केला, यंग बक्स भावांशी तिसरी लढत. तिथेही तोच हिशोब: डॅक्स पडलाय तोवर कॅश किती वेळा हात पुढे करतो आणि किती वेळा मागे घेतो. मी मोजायला बसलो होतो, मध्येच मोजायचं विसरलो.

ज्युनिअर मंडळींना इथेच एक गोष्ट सांगायला हवी. या डावांत जोडी दोघांची दिसते, काम चौघांचं असतं. उचलला जाणारा स्वतः उडी मारतो, पडताना हनुवटी छातीशी घेतो, पाठ सपाट ठेवतो, आणि टाकणारा त्याची मान सांभाळतो. हे शिकायला वर्षं जातात. डॉर्मिटरीत दोन पलंगांच्या मध्ये ज्याला उचललं जातं तो उडी मारत नाही, तो घाबरून ताठ होतो. ताठ झालेल्या माणसाची मान टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आणि आता मूळ मागणी. वार्षिक दिनाला आपल्याकडे बेस्ट कॅडेट असतो, बेस्ट बॉक्सर असतो, बेस्ट अ‍ॅथलीट असतो. मग हाउसची ट्रॉफी असते, ती ऐंशी जणांची. एक आणि ऐंशी यांच्या मध्ये काहीच नाही. सैन्यात मात्र पहिल्या दिवसापासून "बडी" हाच शब्द कानावर पडतो. खंदकात दोघे, पहाऱ्यावर दोघे, एकाने झोपायचं तर दुसऱ्याने जागायचं. आपण सहा-सात वर्षं इथे एकट्याने पहिलं यायची तयारी करतो आणि अकादमीत गेल्यावर अचानक बडी मिळतो. क्रॉस-कंट्रीत मागे पडलेल्याला पाणी द्यायला जो थांबतो, त्याचा स्वतःचा नंबर जातो आणि हाउसचे पॉइंटही. त्याला शाबासकी मिळत असेलही, पण गुणपत्रकात त्याची नोंद नसते.

म्हणून ऑब्स्टॅकल कोर्सला जोडीची एक स्पर्धा असावी, असा अर्ज मी हाउस मास्टर सरांकडे दिला आहे. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, दोघे वेगवेगळ्या हाउसचे असावेत, शक्यतो एक सिनिअर आणि एक ज्युनिअर. एमजेएफ आणि कोल यांच्याकडून एवढी एक गोष्ट घ्यायला हरकत नाही. घड्याळ दुसरा माणूस पोहोचला की थांबेल. पहिला किती वेळात आला, याची नोंदच ठेवायची नाही. सरांनी विचारलं, पहिला पुढे जाऊन नुसता उभा राहिला तर? मी म्हटलं, सर, त्याने तिथे उभं राहून काय केलं यासाठी वेगळे दहा गुण ठेवू. अर्ज सध्या अ‍ॅडज्युटंट सरांच्या टेबलावर आहे. ज्यांना जोडीदार म्हणून चिठ्ठीत नाव टाकायचं आहे त्यांनी रविवारपर्यंत मला गाठावं. आतापर्यंत सतरा नावं आली आहेत, विषम संख्या, त्यामुळे निदान एक तरी हवाच.